होडीचा वाटा

पाण्यातून वर आलेल्या माणसाचा हात आधी नाकाकडे जातो, मग मोबाईलकडे आणि सगळ्यात शेवटी खिशाकडे. पहिल्या दोन हालचालींचं मला काही नाही. तिसरी सुरू झाली की माझं डोकं फिरतं, आणि नेमकं तेव्हाच मला हसायचं असतं.

हसायचं कसं हे गुरुप्रसादशेठने आम्हाला शिकवून ठेवलं होतं. स्कुबाची होडी त्याची, टाक्या त्याच्या, भाट्याच्या सुरूच्या बनाखालचं बुकिंगचं टेबलही त्याचं. तो म्हणायचा, नोटेकडे बघायचं नाही, माणसाच्या डोळ्यात बघायचं. दोन्ही हात पुढे करायचे, पण छातीच्या खाली, म्हणजे मागितल्यासारखं दिसत नाही. आणि म्हणायचं, थँक्यू सर, पुन्हा या. कुणी विचारलंच की टीप द्यायची असते का, तर एकच उत्तर, आपल्या खुशीने. त्याने हे सगळं मला पहिल्या आठवड्यात दहादा करून दाखवायला लावलं होतं. टाकीचं वजन पाठीवर घेऊन वीस फूट खाली जायला मी चार दिवसांत शिकले. हात पुढे करायला मात्र महिना गेला.

मी शमिका. माझे बाबा रावजी, पंचवीस वर्षं मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. सगळे खलाशी ज्याच्या शब्दावर जाळं टाकतात आणि ओढतात, तो तांडेल. आता त्यांना एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानाने हवं तेवढंच ऐकू येतं. मी खाडीत पोहायला त्यांच्याकडून शिकले आणि स्कुबा शेठच्या पैशाने. तो कोर्स महाग. शेठने भरला आणि म्हणाला, दोन हंगाम माझ्याकडे काम कर, फिटलं. मला तेव्हा तो देवमाणूस वाटला होता.

तिसरा हंगाम संपत आला होता. दोनाचे तीन कसे झाले याला कारण माझं लॉगबुक. मी पाण्यात किती वेळा गेले, किती खोल, किती वेळ, हे त्यात प्रत्येक पानावर लिहिलेलं असतं आणि खाली शेठची सही लागते. सहीशिवाय ते नुसतं रद्दी कागदांचं बाड. ते लॉगबुक मिरजोळ्याला, जिथे टाक्यांत हवा भरतात त्या शेडमधल्या कपाटात कुलपात होतं. माझ्याबरोबर शिकलेली सानिका अंदमानात नोकरीला लागली होती. तिथे पक्का पगार होता, टीप मिळाली तर मिळाली, नाही तर नाही. तिने माझ्यासाठी शब्द टाकला होता. सही केलेलं लॉगबुक घेऊन दहा जूनच्या आत हजर व्हायचं, एवढीच अट. मी शेठकडे मागितलं की तो म्हणायचा, बघू या आठवड्यात. त्याचा आठवडा कधी उजाडलाच नाही.

आणि पगार? त्याला पगार म्हणायचं तर निराधारांच्या पेन्शनला गडगंज म्हणावं लागेल. बाकीचं टीपवर. टीपचीही रीत ठरलेली. आमच्याकडे मासळी विकली की डिझेलचा खर्च काढतात, उरलेल्यातला अर्धा वाटा होडीचा, म्हणजे मालकाचा, आणि अर्ध्यात सगळे खलाशी. बापजाद्यांपासून असंच. शेठने टीपलाही तेच लावलं. दिवसभराची टीप एका डब्यात, अर्धी होडीची, अर्ध्यात आम्ही चौघं. मी, होडी चालवणारा सागर, आणि टाक्या चढवणारे-उतरवणारे दोघे. बाहेरचा माणूस असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं की होडीने कुणाचा हात धरला होता पाण्याखाली? आम्ही चौघंही वाट्यावर वाढलेल्या घरांतले. आम्हाला त्यात काही वावगं दिसलंच नाही. शेंबडं पोरही सांगेल, होडीला वाटा असतो.

मे महिन्याच्या मध्यावर मृणाली मॅडम आल्या. सांगलीच्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, पन्नाशीच्या. एकट्याच आल्या होत्या. पाण्याची भीती वाटते म्हणूनच आले, असं म्हणाल्या. मला अशी माणसं आवडतात. जी भीत नाहीत असं सांगतात तीच खाली गेल्यावर मला मिठी मारतात.

खाली गेलो आणि पंधरा फुटांवर त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. त्यांनी माझं मनगट असं पकडलं की नखं रुतली. वर जायचं म्हणून त्या पाय मारायला लागल्या. अशा वेळी एकदम वर नेणं धोक्याचं असतं आणि धरून ठेवणंही. मी त्यांच्या समोर आले, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं आणि त्यांना माझ्या डोळ्यांत बघायला लावलं. मी सावकाश श्वास घेतला, त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्यासारखाच श्वास घेतला. शिकवल्याप्रमाणे नाकाने फुंकून मास्कमधलं पाणी काढलं. त्यानंतर आम्ही दहा मिनिटं खाली होतो. पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा खडकाआडून आला आणि त्यांच्या हाताला घासून गेला. त्या पाण्याखाली हसल्या ते मी बघितलं. त्या दिवशी मला माझं काम आवडलं, हे खोटं कशाला बोलू.

वर आल्यावर त्या बराच वेळ होडीच्या कडेला टेकून बसल्या. मग हात पर्सकडे गेला आणि माझं हसू तयार झालं. पण त्यांनी नोट काढली नाही. आधी विचारलं, टीप द्यायची पद्धत आहे का? मी म्हटलं, आपल्या खुशीने. त्यांनी मान हलवली. बँकेतल्या बाईचं समाधान एवढ्यावर कसं होणार? त्या म्हणाल्या, "मी देते ते तुलाच मिळतं ना? पूर्ण?"

शेठ दोन हातांच्या अंतरावर उभा राहून दोर गुंडाळत होता. गुंडाळता गुंडाळता थांबला. सागरने इंजिनाकडे तोंड फिरवलं. मला मिरजोळ्याचं कपाट दिसलं, त्यातलं माझं लॉगबुक दिसलं. आत्ता खरं बोलले तर ते लॉगबुक वाळवी खाईल, हे मला समोरच्या समुद्राइतकं स्वच्छ कळत होतं. मी दोन्ही हात पुढे केले, छातीच्या खाली, आणि म्हटलं, "हो मॅडम. पूर्ण आम्हालाच."

त्यांनी भरपूर दिलं. फोटो पाठवण्यासाठी माझा नंबर घेतला. तिसऱ्या दिवशी गुगलवर लिहिलं की इथे टीप पूर्णपणे कामगारांना मिळते, मी स्वतः विचारून खात्री केली, असा मालक विरळा.

मला वाटलं, आता शेठ खूश झाला, आता लॉगबुक मिळेल. शेठ खूश झालाच. त्याने ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून घेतलं, पाटीवर चिकटवलं आणि पाटी बुकिंगच्या टेबलामागे लावली. टीप पूर्णपणे कामगारांना मिळते. लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि हात सैल सोडायचे. डबा रोज भरायला लागला, आणि रोज अर्धा होडीला जायला लागला. मी लॉगबुकाचं काढलं तर म्हणाला, "तुज्या एका शब्दानं माजा धंदा वाडला. अशी पोर कोन सोडील काय?" तो हे कौतुकानेच म्हणाला. सुटण्यासाठी खोटं बोलले, आणि त्याच खोट्याने माझ्या गळ्यातल्या दाव्याला आणखी एक गाठ बसली. सागर मला एवढंच म्हणाला की हो म्हणायची काय गरज होती, गप्प राहायचंस. त्याचा मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दिवसाला पाच-सहा वेळा पाण्यात, आणि प्रत्येक वेळी वर आल्यावर त्या पाटीसमोर उभं राहून हसायचं. एका माणसाने पाटी वाचून माझ्याशी हात मिळवला आणि नोट तळहातात दाबून हात सोडलाच नाही. मी हसतच होते. घरी येऊन मी आरशासमोर तोंड सरळ करून बघितलं. ओठ आपोआप वर जात होते.

बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कळेना, कारण ते गळ साफ करत होते. मग म्हणाले, गुरुप्रसादचा बापही होडीवालाच होता. पावसाआधी होडी शाकारताना तो विचारतो का अजून?

मी म्हटलं, विचारतो. दरवर्षी विचारतो.

हे सांगायला हवं. आमच्याकडे हंगाम संपला की होडी वर ओढतात, नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालून ती शाकारतात. त्याच्या आधी मालक हातात नारळ घेऊन सगळ्यांसमोर विचारतो, कुणाचं काही राहिलंय का? कुणाचा कोयता, कुणाचं घोंगडं, जे असेल ते तिथल्या तिथे द्यायचं. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे अडकवून होडी झाकली तर पुढचा हंगाम धड जात नाही. आणि एकदा झाप चढले, की मग मागायचंही नाही. राहिलं ते पुढच्या हंगामापर्यंत होडीचं. शेठने होडी फायबरची घेतली, तिला परदेशी इंजिन लावलं, पण हा प्रश्न सोडला नाही. एका वर्षी विचारायचा विसरला आणि ऐन दिवाळीत इंजिन बसलं, तेव्हापासून तर जास्तच. बाबा म्हणाले, मग त्या दिवशी मी येतो.

शाकारायचा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात आला. सकाळपासून ढग होते. होडी खाडीच्या कडेला वर ओढून ठेवली होती. आम्ही टेबल, खुर्च्या, छत्री, लाईफ जॅकेटं, सगळं उचलून होडीत भरत होतो, पावसाळाभर ते झापांखालीच राहतं. पाटीही मीच उचलून सागरकडे दिली. त्याने ती उलटी करून तळाला सरकवली. माझं लक्ष सगळं शेठच्या हातातल्या नारळाकडे होतं. बाबा एका ओंडक्यावर बसले होते, जणू सहज फिरायला आल्यासारखे.

शेठने नारळ वर धरला आणि घाईघाईत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुनाचा काय रायलाय काय? आत्ताच बोला."

सागरने त्याचा रेनकोट मागून घेतला. टाकीवाल्यांपैकी एकाने जेवणाचा डबा. शेठने नारळ खाली आणला.

"माजा लॉगबुक रायलाय," मी म्हटलं.

शेठ हसला. ते शिकवलेलंच हसू होतं, नोटेकडे न बघायचं. म्हणाला, लॉगबुक मिरजोळ्याला आहे, मी होडीतलं विचारतोय. बाबा ओंडक्यावरूनच म्हणाले की टाक्या पण मिरजोळ्यालाच भरतात ना, त्या होडीच्या नाहीत काय? तेव्हा शेठ म्हणाला, रावजीकाका, तुमचे दिवस वेगळे होते. ही मासेमारी नाही, हे पर्यटन आहे. इथे करार असतो, इथे ती रीत लागत नाही.

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मोठ्याने बोलायची त्यांना सवयच, ऐकू येत नाही म्हणून.

"रीत लागत नाय तर तीन वर्सां होडीचा वाटा कसला घेतलास रे?"

सागरने झापाचं एक टोक धरलं होतं, ते त्याने वाळूवर ठेवलं. दुसऱ्या टोकाला टाकीवाला होता, त्यानेही ठेवलं. त्यांनी काही ठरवलं नव्हतं. पण त्या घरांत वाढलेला माणूस कुणाचं राहिलेलं असताना होडी झाकत नाही, आणि शेठला हे आमच्याइतकंच ठाऊक होतं. त्याने एकदा ढगांकडे बघितलं, एकदा होडीकडे. मग खिशातून किल्ली काढून टाकीवाल्याच्या हातात दिली आणि मोटारसायकल घेऊन जा म्हणाला.

तो येईपर्यंतचा पाऊण तास आम्ही सगळे तिथेच बसून होतो. कुणाला जाता येईना. शेठने नारळ मांडीवर धरला होता, खाली ठेवता येत नव्हता आणि फोडताही येत नव्हता. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा राग आला. लॉगबुक प्लॅस्टिकच्या पिशवीतून आलं. शेठने होडीच्या कडेवर ठेवून सह्या करायला घेतल्या. तीन वर्षांची पानं. त्याने एकही पान गाळलं नाही. मध्येच एका पानावर थांबून म्हणाला की या दिवशी तू त्या साताऱ्याच्या मुलाला वाचवलं होतंस. मी हो म्हटलं. त्याने सही केली.

शेवटचं पान झालं. त्याने लॉगबुक मिटलं, माझ्या हातात दिलं, आणि शर्टाच्या खिशातून पाचशेची नोट काढून पुढे केली. म्हणाला, ही माझी खुशी.

आणि माझे दोन्ही हात पुढे झाले. लॉगबुक काखेत गेलं, हात छातीच्या खाली आले, मी नोटेकडे न बघता त्याच्या डोळ्यात बघितलं, ओठ वर गेले आणि तोंडातून निघालं, "थँक्यू सर, पुन्हा या."

टाकीवाले खो खो हसले. सागरही हसला. शेठ नाही हसला. शांतपणे म्हणाला, "मी हितंच हाय, बाय. पुन्हा यायचा तो तुलाच."

त्याने नारळ फोडला. पोरांनी झाप चढवले, दोर आवळले. पाण्याचे पहिले थेंब पडायच्या आत होडी झाकून झाली होती.

आम्ही भाट्याच्या पुलावरून घरी निघालो. अंदमानचं तिकीट काढायचं, पिशवी भरायची, हे मनात यायला हवं होतं. आलं नाही. निम्म्या पुलावर बाबा थांबले. खाडीकडे बघत म्हणाले, "हात कशाला फुडं केलास गो?"

मी मुद्दाम केला नव्हता, बाबा, असं म्हणणार होते, पण तेच तर वाईट होतं. मला रडू आलं. पुलावरून एस.टी. गेली तेवढा वेळ मी रडून घेतलं.

आणि तेव्हा मला पाटी आठवली. टीप पूर्णपणे कामगारांना मिळते. ते वाक्य मॅडमनी लिहिलं असेल, पण शब्द माझा होता. कुणाचं काही राहिलंय का, असं तो विचारत होता तेव्हा ते माझ्या पायाशी होडीच्या तळाला पडलं होतं. मीच उचलून दिलं होतं आणि मला मागायचं सुचलं नाही. आता झाप चढले होते. पाऊस गेल्यावर दीपाली नावाची नवी पोर कामावर येणार होती, शेठने तिचा कोर्स भरलाही होता. ती त्या पाटीखाली उभी राहणार, आणि तिला कुणी काही विचारणारही नाही, कारण मी आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. मी बाबांना म्हटलं, माझं एक राहिलं. त्यांनी विचारलं काय, मी सांगितलं. ते म्हणाले, शाकारून झाल्यावर मागता येत नाही. त्यांनी हे दुष्टपणाने म्हटलं नाही. जी रीत माझ्यासाठी तासाभरापूर्वी वापरली, ती ते कशी मोडणार?

मी तिथेच, पुलाच्या कठड्याला टेकून, मृणाली मॅडमचा नंबर काढला. लिहिलं, मॅडम, मी शमिका, भाट्याची. तुम्ही दिलेले पूर्ण आम्हाला मिळाले नाहीत. अर्धे होडीच्या वाट्याला गेले. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही गुगलवर लिहिलंय ते काढून टाका. पाठवताना वाटलं, त्या चिडतील, खडसावतील. मला ते हवंच होतं.

पूल संपता संपता उत्तर आलं. काढते, असं लिहिलं होतं. त्याखाली लिहिलं होतं, मला तेव्हाच शंका आली होती गं, पण तू इतकी मनापासून हसत होतीस, की पुढे विचारायचं राहून गेलं.

बाबांनी विचारलं, काय म्हणाली बाई? मी त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानाशी जाऊन सगळं वाचून दाखवलं. पाऊस वाढला होता. मी लॉगबुक कुडत्याच्या आत घातलं आणि आम्ही भराभर चालायला लागलो.